विवाहकार्यातील फुलांची योजना

(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



विवाहकार्य ठरले की कार्यालय, भोजन, वस्त्रे व अलंकार यांची चर्चा आपल्या घरांतून महिनोन्‌महिने चालते. फुलांचा विचार मात्र बहुधा अखेरच्या आठवड्यात होतो, आणि तोही ‘किती घेणार?’ या एकाच प्रश्नाने. वास्तविक मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर होताच वधूवर परस्परांच्या गळ्यात घालतात तो फुलांचाच हार होय. यास्तव या विषयावर चार शब्द बोलण्याची अनुज्ञा आम्ही आपणांपाशी मागतो.

आमचे सांगणे थोडक्यात असे की, दराची घासाघीस करण्यापूर्वी फुलवाल्यास तीन गोष्टी मोकळेपणाने सांगाव्यात : मुहूर्त, कार्यालयाची जागा आणि आपली ऐपत. ऐपत लपविल्याने स्वस्ताई होते हा भ्रम आहे. रक्कम आधी कळली, तर जाणता फुलवाला तेवढ्यात उत्तम काय बसेल ते सुचवितो. न कळली, तर तो आपल्या आल्बमातील सर्वांत भपकेबाज चित्र पुढे करतो.

त्याच्याकडे जाण्यापूर्वी घरी दोन याद्या कराव्यात. पहिली विधीच्या फुलांची : वधूवरांचे हार, मुंडावळ्या फुलांच्या असल्यास त्या, गौरीहराच्या व देवकाच्या पूजेची सुटी फुले, वधूची वेणी, व्याहीभेटीचे हार, सुवासिनींचे गजरे. दुसरी शोभेच्या फुलांची : प्रवेशद्वार, व्यासपीठ, मोटार. काटकसर करणे प्राप्त झाले तर ती दुसऱ्या यादीत करावी, पहिलीत नव्हे. प्रत्यक्षात पाहावे तो उलटेच घडते. व्यासपीठ फुलांनी झाकलेले, आणि हार मात्र सकाळपासून सुकत पडलेले!

ऋतूचा विचार त्याहून महत्त्वाचा. तुळशीविवाहानंतरच्या मुहूर्तांना शेवंती व झेंडू विपुल असतात. वैशाख-ज्येष्ठात मोगरा बहरात असतो. तोच मोगरा थंडीत मागाल, तर थोडा मिळेल आणि महाग मिळेल. मार्गशीर्षातील गुरुवारी घरोघर महालक्ष्मीचे व्रत असल्याने बुधवार-गुरुवारी फुलबाजार तेजीत असतो. मावळातील हरितगृहांत वाढणारा गुलाब १४ फेब्रुवारीच्या आधीच्या पंधरवड्यात परदेशी रवाना होतो. त्या दिवसांत लग्न असेल, तर गुलाबाचा हट्ट सोडावा. अमुकच फूल परंपरेचे, असा आग्रह कोणी धरल्यास त्यास सांगावे की, आज आपल्या प्रत्येक मांडवात दिसणारा झेंडू आणि निशिगंध ही दोन्ही मूळची मेक्सिकोकडील. आपल्या पूर्वजांनी ती आपलीशी केली, कारण ती येथील मातीत उत्तम येतात.

ऋतूखालोखाल घटका. मोगऱ्याच्या कळ्या पहाटे खुडतात व त्या सायंकाळी उमलतात. म्हणून गोरज मुहूर्तास मोगऱ्याचा गजरा शोभतो, तर सकाळच्या मुहूर्तास गुलाब वा शेवंतीचा हार योग्य. दादरच्या किंवा पुण्याच्या मार्केट यार्डातील फुलबाजारात पहाटे माल येतो. तो आणून हार ओवून होईतो किती वेळ लागेल हे फुलवाल्यासच विचारावे. आणलेली फुले पंख्याखाली वा उन्हात ठेवू नयेत. पिकलेल्या फळांच्या परड्यांशेजारी तर मुळीच नकोत. पिकत्या फळांतून इथिलीन वायू सुटतो, व कार्नेशनसारखी फुले त्याने अकाली मिटतात.

हाराची लांबी वधूची उंची पाहून ठरवावी. अतिलांब व जड हार शालूवर पेलत नाही, आणि होमाजवळ बसताना जरीचे व प्लॅस्टिकचे लोंबते गोंडे धोक्याचे असतात.

ठरलेले सारे कागदावर उतरवावे : फुलाचे नाव, वजन अथवा नग, हारांची संख्या, पोहोचविण्याची वेळ, ऐनवेळी एखादे फूल न मिळाल्यास पर्यायी फूल कोणते, आणि कार्य आटोपल्यावर सजावट कोणी उतरवावयाची. विसार देऊन पावती घ्यावी. कित्येक कार्यालये आपल्याच सजावटवाल्याचा आग्रह धरतात. ही अट कार्यालय ठरविण्यापूर्वीच विचारून घ्यावी. उरलेली रक्कम त्याच दिवशी चुकती करावी. आपले गजरे रात्र जागून ओवणाऱ्या स्त्रियांची मजुरी त्या रकमेतूनच निघते, याचे विस्मरण होऊ नये.

आता जे बोलण्यास आम्ही उभे राहिलो ते. आपल्या ज्ञातीत संपन्न घरे आहेत, तशीच कर्ज काढून कन्येचे कार्य करणारीही आहेत. एका मांडवात परदेशी ऑर्किडची भिंत उभी राहिली की, पुढच्या मांडवातील वधूपित्यास तिची बरोबरी करावीशी वाटते. तो बोलत नाही, पण त्याची झोप उडते. चार तासांच्या शोभेसाठी वर्षभराचे हप्ते कोणाच्याही माथी येऊ नयेत. ज्यांना परमेश्वराने दिले आहे, त्यांनीच प्रथम हात आखडता घ्यावा. साधेपणा श्रीमंताने आचरला, तरच तो गरिबास लाजिरवाणा वाटत नाही. फुलांचा खर्च दोन्ही पक्षांनी निम्मानिम्मा सोसावा. एकाच कार्यालयात सकाळी व सायंकाळी आपल्यातीलच दोन लग्ने असल्यास सजावट सामायिक ठेवावी. हार मात्र ज्याचे त्याचे ताजे असावेत. आंब्याचे डहाळे व केळीचे खुंट लावलेले द्वार कोणत्याही व्यासपीठाहून मंगल दिसते, हे आपण मुलांना सांगू या.

कार्य संपल्यावर दोरे व तारा काढून फुलांचे खत करावे. नदीत निर्माल्य सोडून तिचे पाणी बिघडविणे हा धर्म नव्हे.

येत्या मोसमात ज्या घरी कार्य आहे, त्यांनी यांपैकी दोन गोष्टी जरी आचरल्या, तरी आमचे बोलणे सार्थकी लागेल.