जांभळाचा रस आंबत नाही, मग काय करायचं?
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत दिलेली माहिती)



जांभूळ झाडाखाली पडलं की दुसऱ्या दिवशी त्याला गिऱ्हाईक नसतं. पालघर तालुक्यातल्या बहाडोलीच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण फळ तिथलंही नाजूकच. म्हणून उरलेल्या जांभळाचं व्हिनेगर करायचं काही गटांनी मनावर घेतलंय, ते बरंच केलं. आता बऱ्याच ताया विचारतात, "चार दिवस झाले, बरणी ढिम्म आहे. फेस नाही, बुडबुडा नाही. ओतून द्यायचं का?" गटाच्या पैशातून आणलेली फळं आहेत. ओतायची घाई नको, आधी कारण शोधूया.

व्हिनेगर दोन टप्प्यांत होतं. पहिल्या टप्प्यात यीस्ट रसातली साखर खातं, तेव्हा रसाची वाइन होते. दुसऱ्यात वेगळे जिवाणू हवेच्या मदतीने त्या वाइनचं आंबट व्हिनेगर करतात. गाडी अडते ती बहुतेक पहिल्याच टप्प्यात.

रसाचा एक थेंब जिभेला लावून बघा. गोडवा गेला असेल तर यीस्टचं काम झालंय, फेस कुठून येणार? गोडवा तसाच असेल तरच रस अडलाय असं समजा.

आता मला सांगा, मुरांबा वर्षभर का टिकतो? साखरेमुळे. तीच साखर रसात भरमसाट घातली तर यीस्टही गप्प बसतं. जांभळात स्वतःची साखर असते. व्हिनेगरला लिटरमागे 100 ग्रॅमच्या आसपास साखर पुरते, म्हणून पिकलेल्या फळाच्या निव्वळ रसाला वरून फारशी लागतच नाही. जेवढं पाणी वाढवाल, तेवढ्यापुरतीच घाला. द्राक्षबागायतदार गोडी मोजायला रिफ्रॅक्टोमीटर वापरतात. तसा एक प्रभागसंघाने घ्यावा असं माझं मत आहे, अंदाजावर धंदा चालत नाही.

दुसरं कारण सरबताचं. सरबतासाठी केएमएस किंवा सोडियम बेन्झोएट घालून ठेवलेला रस आंबायला घेतला, तर तो कसा आंबेल? ती पावडर आपण रस आंबू नये म्हणूनच घालतो! त्या रसाचं सरबतच विका.

तिसरं कारण ऊब. थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही, तसंच हेही. फ्रीजमधला गर आधी बाहेर ठेवून साधा होऊ द्या. उलट, उकळलेल्या गरम रसात यीस्ट टाकलं तर ते मरतं. 25 ते 30 अंशांची ऊब चांगली. उन्हात पत्र्याखाली बरणी ठेवू नका.

अडलेला रस पुन्हा सुरू करायचा असा. 10 लिटर रसासाठी अर्धी वाटी कोमट पाणी, चमचाभर साखर आणि एक चमचा बेकरीचं कोरडं यीस्ट घ्या. पंधरा मिनिटांत फेस आला नाही तर यीस्टच जुनं आहे, दुसरं आणा. फेस आला की त्यात तेवढाच अडलेला रस घाला. तो फसफसला की पुन्हा तेवढाच. मग सगळं बरणीत ओता आणि स्वच्छ चमच्याने जोरात ढवळा, सुरुवातीला यीस्टला हवा लागते. एकदम सगळ्या रसात का नाही टाकायचं? नव्या सुनेला पहिल्याच दिवशी चाळीस माणसांचा स्वयंपाक सांगतो का आपण? (सांगतात म्हणा काहीजणी!)

बरणी काचेची किंवा स्टीलची हवी, तांब्या-ॲल्युमिनियमची नको. झाकण घट्ट लावू नका, आतल्या गॅसने बरणी फुटते. वर हिरवी-काळी लवदार बुरशी दिसली तर मात्र माया करू नका, टाकून द्या.

गोडवा संपला की रस गाळून रुंद तोंडाच्या भांड्यात घ्या, त्यात आधीचं न उकळलेलं व्हिनेगर थोडं घाला आणि फडकं बांधा. पुढे काही आठवडे वाट बघायची.

एक गोष्ट स्पष्ट बोलते. आपल्यातल्या कितीतरी जणींनी गावातली दारू बंद व्हावी म्हणून भांडण केलंय. पहिल्या टप्प्यातला रस ही दारूच आहे, आणि महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू बनवणं किंवा विकणं गुन्हा आहे. म्हणून गटाने काम मोठ्या प्रमाणावर सुरू करण्याआधी राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात लेखी विचारणा करावी, ठराव वहीत लिहावा. अर्धवट रस कुणाला चाखायला देऊ नये, घरातल्या माणसांनाही नाही.

विक्रीसाठी अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. व्हिनेगरमध्ये ॲसेटिक आम्ल किमान 3.75 टक्के असावं लागतं, ते प्रयोगशाळेत तपासून घ्या. कमी भरलं तर बाजारातलं आम्ल मिसळू नका, भांडं आणखी पंधरा दिवस ठेवून पुन्हा तपासा.