गॅस मोजा, मग मुक्काम ठरवा

कॅम्पर व्हॅनमधून लडाखला महिनाभर राहणार असाल, तर सिलिंडर हलवून अंदाज बांधू नका. वजन करा. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं. ते वजा केलं की उरतो तो गॅस. आठवड्याने पुन्हा वजन करा, रोजचा खर्च कळेल. तीन दिवसांचा गॅस उरला की भरलेला सिलिंडर मिळेल ते गाव गाठा.

थंडीत मात्र गॅस असूनही शेगडी मंदावते. आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन दोन्ही असतात. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्युटेन शून्याजवळ. म्हणून कडाक्याच्या थंडीत ब्युटेन द्रवच राहतो. तरी सिलिंडरला ज्योत दाखवू नका. ऊब म्हणून शेगडी पेटती ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. फौजेतला नियम इथेही लागू: आधी रसद, मग मुक्काम. जय हिंद.