नाव नाही, काम पाहा



उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या व्यापारी मित्रांनो,
परदेशातून वायफाय राउटर मागवताय?
मग जरा ऐका.

माल न्हावा शेवा बंदरात उतरतो.
तिथे कस्टम्स पाहतं, वस्तू शुल्काच्या दरसूचीतल्या कोणत्या शीर्षकात बसते.
त्यावर शुल्काचा दर ठरतो.

खोक्यावर ‘स्मार्ट’ लिहिलंय, एवढं पुरत नाही.
नाव नाही, काम पाहायचं.

राउटर माहिती घेतो, पुढे पाठवतो.
म्हणून तो शीर्षक 8517 मध्ये, पंच्याऐंशी सतरा.
वायफायवर चालणारा एलईडी बल्ब?
त्याचं मुख्य काम उजेड देणं.
तो दिव्यांत मोडतो.

खरी अडचण एकाच डबीत चार कामं असली की येते.
तिथेही मुख्य काम कोणतं, तेच पाहायचं.

शंका असेल, तर माल मागवण्याआधीच
मुंबईच्या सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करा.
आणि उत्पादकाचं माहितीपत्रक सोबत जोडा.