एकेका प्रकाशकणाची नोंद

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत निओबियम नायट्राइडचे पातळ थर कडाक्याच्या थंडीत तपासले गेले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात सर्वांत सरस थर १६ केल्विनला, म्हणजे उणे २५७ अंशांना, अतिसंवाहक झाला, म्हणजे त्यात विजेला रोध उरला नाही.

हा पदार्थ महत्त्वाचा का? २००१ मध्ये मॉस्को आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी त्याच्याच तारेने अवरक्त प्रकाशाचे सुटे फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, टिपले. युक्ती विलक्षण सुंदर आहे. केसाहून शेकडो पट बारीक तारेतून तिला जेमतेम सोसवेल एवढी वीज सोडायची. फोटॉन आदळला की तेवढाच ठिपका तापतो, अतिसंवाहकता मोडते आणि विजेचा एक स्पंद उमटतो. डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी तार पुन्हा गार!

ही युक्ती अवकाशातून येणारे संदेश झेलायलाही कामी आली. ११ डिसेंबर २०२३ रोजी सायकी या अवकाशयानाने ३.१ कोटी किलोमीटरवरून एका मांजराची चित्रफीत लेझरने धाडली. कॅलिफोर्नियाच्या पालोमार वेधशाळेत अशाच तारांनी ती झेलली. वेग होता सेकंदाला २६७ मेगाबिट.