सडपातळ शरीर आणि मेदशोषण

वैतरणा जेथें समुद्रास मिळते त्या दातिवऱ्याच्या किनाऱ्यावर वाळूच्या उंच ढिगांतून ओंजळभर वाळू काढली, तर कोणास पत्ता लागत नाहीं. परंतु सपाट, ओल्या पुळणीवर नुसतें बोट फिरविलें तरी रेघ उमटते. मेदशोषणाचें, म्हणजे लायपोसक्शनचें, असेंच आहे.

त्वचेखालील मेद पोकळ नळीनें ओढून काढण्याची ही शस्त्रक्रिया. पॅरिसचे इलूझ यांनीं १९७७ सालीं बोथट टोकाची नळी योजून तिला आजचें वळण दिलें. नळी मेदांत बोगदे पाडीत जाते. थर जाड असला तर ते झांकले जातात. सडपातळ व्यक्तीच्या पोटामांड्यांवर तो मुळांतच पातळ. तेथें नळी त्वचेच्या फार जवळून गेली, वा एका बाजूस किंचित् अधिक मेद निघाला, कीं खळगा किंवा उंचवटा उघडा दिसतो. ‘थोडेंच तर काढावयाचें आहे’ हें समाधान म्हणूनच फसवें. थोडें काढणें हेंच अधिक नाजूक काम.

सूज पुरती ओसरावयास कित्येक महिने लागतात. तोंवर आरशाचा कौल मानूं नये. खळगा राहिलाच तर दुसरीकडील मेद तेथें भरतां येतो, पण त्यांतला कांहीं पुढें जिरून जातो. शिवाय सडपातळ माणसानें तो उसना आणावा कोठून?

सफाळ्यास आगगाडी धरून मुंबईच्या शल्यविशारदाकडे जाणाऱ्यानें त्यांस एवढें अवश्य विचारावें: माझ्या चिमटींत मेद येतो किती, आणि त्यांतला आपण राखणार किती?