सभा आणि अत्तराचा फाया



चालकांनी आमच्याकडे विषय मागितला तेव्हा त्यांना किमान वेतनाची किंवा संपाच्या हक्काची अपेक्षा असावी. सभेला, मुलाखतीला, वाटाघाटीला जाताना माणसाने कोणता सुगंध लावावा आणि किती, यावर आम्ही बोलणार असे ऐकल्यावर त्यांनी विषय पुन्हा एकदा विचारून घेतला. बिडी कामगारांच्या युनियनचे काम करणाऱ्याने अत्तरावर बोलावे, याचे नवल वाटणे साहजिक आहे. परंतु ज्यांची तीस वर्षे तंबाखूच्या वासात गेली, त्यांच्याही नाकाला काही अनुभव असतो, आणि तो अत्तराच्या दुकानदाराहून थोडा निराळा असतो.

आपल्याकडे सभा आणि सुगंध यांचा संबंध फार जुना आहे. अत्तरगुलाब आणि पानसुपारी झाल्याशिवाय समारंभ पुरा होत नसे. यजमानाचा माणूस अत्तरदाणी घेऊन रांगेने फिरे, प्रत्येकाच्या मनगटामागे एक बोट लावी, दुसरा गुलाबदाणी शिंपडी, आणि मग मंडळी उठत. अत्तर आले म्हणजे आता निघावे, हेही त्यातून न बोलता कळे. दरबारांतून त्यातही मानपान असे. बड्याला बडा देई, धाकट्याला धाकटा. पण साध्या घरच्या लग्नात किंवा गावच्या सभेत सावकाराच्या मनगटाला जे अत्तर लागे तेच शिंप्याच्या मनगटाला लागे. सगळ्या मांडवाला एकच वास. शिवाय तो मांडव उघडा असे, वारा वाहता असे. आज प्रत्येकजण आपापली बाटली घरूनच लावून येतो, आणि वीस जणांचे वीस वास एका बंद, थंड केलेल्या खोलीत कोंडले जातात. जुन्या चालीचे आम्ही फारसे भक्त नाही, पण एवढ्या बाबतीत जुनी माणसे अधिक शहाणी होती असे वाटते.

आपल्या नगरला तर या गोष्टीचा वारसाच आहे. निजामशाहीने इथे बागा केल्या. फराहबागेतील तो महाल आजही कोरड्या तळ्याच्या मधोमध उभा आहे. पुढे मलिक अंबर ज्या जहांगीर बादशहाच्या फौजांशी झुंजला, त्या जहांगिराने आपल्या आत्मचरित्रात गुलाबाच्या अत्तराची हकीकत लिहून ठेवली आहे. शोधाचे श्रेय तो नूरजहानच्या आईला देतो. गरम गुलाबपाणी भांड्यात ओतताना वर जी तेलकट साय येई, ती त्या बाईंनी थोडी थोडी गोळा केली. तिचा एक थेंब तळहातावर चोळला तर सारी मजलस दरवळते, असे बादशहा कौतुकाने लिहितो. इकडे अंबराचे घोडेस्वार त्याच्या सरदारांची झोप उडवीत होते, आणि तिकडे तो अत्तराचा थेंब मोजत होता. असो.

अत्तर होते कसे, हे थोडे सांगितले पाहिजे, कारण निवड त्यावर अवलंबून आहे. उत्तर प्रदेशात कनौजला अजून देग-भपक्याची रीत चालते. तांब्याच्या मोठ्या देगेत फुले आणि पाणी घालून झाकण मातीने लिंपतात. खाली लाकडाचा जाळ. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते. भपका पाण्याच्या हौदात बुडवलेला असतो आणि त्याच्या पोटात चंदनाचे तेल असते. वाफ थंड होते, फुलाचा वास त्या तेलात उतरतो, पाणी काढून टाकतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा ताजी फुले. असे कित्येक दिवस. जाळ किती ठेवायचा आणि भपका केव्हा बदलायचा हे कारागीर हाताने चाचपून ठरवतो. त्या कारागिराचे नाव बाटलीवर कधी छापले गेल्याचे आम्ही पाहिले नाही.

मुख्य गोष्ट अशी, की खरे अत्तर चंदनाच्या तेलावर उभे असते आणि चंदनाच्या गाभ्यात तेल भरायला झाडाला दशके लागतात. तेव्हा दहा-वीस रुपयांच्या कुपीत चंदन असणे शक्य नाही. त्यात बहुधा खनिज तेल आणि कारखान्यात बनवलेला गंध असतो. कारखान्यातला गंध म्हणजे वाईटच, असे मात्र आमचे म्हणणे नाही. मुंबईत केळकरांनी १९२२ साली सुगंधी द्रव्यांचा धंदा सुरू केला आणि एका मराठी घराण्याने तो देशात नावारूपाला आणला. साबणापासून उदबत्तीपर्यंत आपण जे हुंगतो ते अशाच रसायनशाळांतून येते. फसवणूक तेवढी नसावी, इतकेच.

आता नाकाकडे वळू. २००४ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक या दोघांना मिळाले, ते नाक वास कसा ओळखते हे उलगडल्याबद्दल. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या ग्राहकांचे सुमारे ४०० प्रकार आहेत. पण या नाकाची एक खोड आहे. एकच वास सारखा येत राहिला की काही मिनिटांतच नाक त्याची दखल घेणे कमी करते. नवीन काही आले तर कळावे म्हणून जुन्याची नोंद बंद करते. ही सोय आहे, नाहीतर जगणे कठीण झाले असते. परंतु तिचा परिणाम असा, की आपला वास आपल्याला येत नाही. सकाळी अत्तर लावलेल्या माणसाला दहा वाजता वाटते, उडून गेले. म्हणून तो पुन्हा लावतो. दुपारपर्यंत तो खोलीत शिरण्याआधी त्याचे अत्तर शिरते, आणि त्याला पत्ता नसतो.

हीच खोड दुसऱ्या बाजूनेही काम करते, आणि आमचा संबंध त्या बाजूशी आहे. आपल्या जिल्ह्यात नगरला आणि संगमनेरला हजारो बायांनी पिढ्यान् पिढ्या बिड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओलावलेली टेंभुर्णीची पाने, दोरा. हे काम बहुतेक घरातच होते. म्हणजे तंबाखू घरातच असतो. अंथरुणात, पिठाच्या डब्याशेजारी, पोरांच्या दप्तरात. त्या घरातल्या कोणालाही तो वास येत नाही. तो कळतो बाहेर, एस.टी.त शेजारचा माणूस सरकून बसतो तेव्हा, किंवा शाळेत पोरीच्या बाकावर दुसरी पोर बसायला तयार होत नाही तेव्हा. साखर कारखान्यातल्या माणसाचेही तेच. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचे धुराडे पेटले, मागून जिल्हाभर कारखाने उभे राहिले, आणि गळीत हंगामात मळीचा वास कोसभर पसरू लागला. पाहुणा नाकाला रुमाल लावतो, गावकरी विचारतो, काय झाले?

एकदा आम्ही पाच-सहा बायांना घेऊन एका कचेरीत बोलणी करायला गेलो होतो. कोणती कचेरी, ते राहू द्या. निघण्यापूर्वी त्यांच्यातल्या एका वयस्क बाईंनी आम्हाला बाजूला घेऊन विचारले, "भाऊ, खरं सांगा, आमच्या अंगाला वास येतो का हो?" आम्ही म्हटले, "येतो, मावशी. तंबाखूचा येतो. कामाचा आहे." त्यांनी मान हलवली, लिंबाच्या फोडीने बोटे पुन्हा एकदा चोळली आणि निघाल्या. आत साहेबांनी आम्ही येणार म्हणून खोलीत सुवासिक फवारा मारून ठेवला होता आणि स्वतःही भरपूर लावला होता. खिडक्या बंद. पाच मिनिटांत दम्याच्या दोघीजणींना खोकल्याची उबळ आली. तंबाखूच्या धुळीने छाती आधीच अधू झालेली, त्यात हे. मावशी उभ्या राहिल्या आणि अगदी आदराने म्हणाल्या, "साहेब, तेवढी खिडकी उघडता का? तुमचा वास सोसत नाही आम्हाला." साहेब गोरेमोरे झाले. त्यांनी स्वतः उठून खिडकी उघडली. आपल्यालाही वास असतो, हे त्या गृहस्थांना तोपर्यंत कोणी सांगितले नसावे. हाताखालची माणसे सांगत नाहीत. त्या दिवशी मजुरीचा प्रश्न काही सुटला नाही, पण पुढच्या बैठकीला खिडकी उघडी होती आणि खोली फवारलेली नव्हती.

यात एक भेद आहे. कामाचा वास झाकायला अत्तर लावणे आम्हाला मान्य नाही. घामावर, तंबाखूवर, डिझेलवर अत्तर ओतले की तिसराच एक वास तयार होतो, आणि तो दोन्हींपेक्षा वाईट. त्याला इलाज पाणी आणि साबण. १९४८ च्या कारखाना कायद्यात ४२ वे कलम घातले गेले ते याचसाठी: कामगाराला अंग धुण्याची पुरेशी सोय मालकाने दिली पाहिजे. २०२० च्या संहितेतही धुण्याच्या सोयीचा उल्लेख आहे. पाळी सुटल्यावर नळाला पाणी असले तर निम्म्या बाटल्या विकल्या जाणार नाहीत. घरी बिडी वळणाऱ्या बाईचा नळ मात्र तिचा तिनेच शोधायचा आहे. तिच्या मालकाला घर दिसतच नाही.

पाणी झाले, मग सुगंध. तो परवडतो आणि आवडतो तर जरूर लावावा. सुवास ही श्रीमंतांची मिरास आहे असे समजून आमच्यातली काही कडक मंडळी नाक मुरडतात, ते आम्हाला पटत नाही. सणाला गजरा माळणारी बाई काही वर्गद्रोह करीत नाही!

कोणता लावावा? आमची पहिली पसंती वाळ्याला. गवताच्या मुळ्यांचा, ओल्या मातीच्या जवळचा हा वास अंगाबाहेर फार जात नाही आणि आपल्या उन्हाळ्याला मानवतो. दुसरे चंदन, खरे असेल तर एक थेंब दिवसभर पुरतो, आणि नसेल तर सहाणेवरचे खोडच बरे. गुलाब बेताने. मोगरा आणि केवडा मोकळ्या अंगणात सुरेख, बंद खोलीत दांडगे. हिना थंडीतली, त्यात मसाल्याचे पदार्थ पडलेले असतात. चैत्रात ती लावून मुलाखतीला जाऊ नये. बायांच्या गजऱ्यालाही हाच न्याय लावावा. मोगऱ्याचा भरगच्च गजरा हा एखाद्या अत्तराहून कमी नसतो. अकोळनेरच्या बाजूची शेवंती सौम्य असते, आणि अबोलीला तर वासच नाही. शोभा मात्र पुरी.

नव्या मुलांना फवाऱ्याच्या बाटल्या आवडतात. त्यांतही हिशेब आहे. पूर्वी ताप आला की कपाळावर ज्याच्या पट्ट्या ठेवीत ते कोलनवॉटर जर्मनीतल्या कोलोन शहरातले. फरीना नावाच्या इटालियन गृहस्थाच्या घराण्याने १७०९ साली तिथे दुकान काढले. त्यात सुगंधी अर्क शेकडा दोन ते पाच, बाकी बहुतेक मद्यार्क. त्याच्या वरच्या प्रतीत पाच ते पंधरा, आणि त्याहून वरच्यात पंधरा-वीस. बैठकीला खालची प्रत उत्तम. महाग ती चांगली, हा हिशेब इथे लागू पडत नाही.

दुकानात कागदाच्या पट्टीवर पहिला वास घेऊन पैसे मोजू नयेत. पहिला येतो तो लिंबू-संत्र्याच्या जातीचा, आणि तो पाव-अर्ध्या तासात उडतो. सभेत शेजाऱ्याला जो येणार तो त्यानंतरचा. म्हणून मनगटाला लावावे, बाजारात एक फेरी मारावी आणि मग ठरवावे. एका वेळी तीन-चारांहून अधिक वास घेऊ नयेत, नाक थकते. दुकानदार मधे कॉफीच्या बिया हुंगायला देतात. साधी हवा तेवढेच काम करते, आणि ती फुकट आहे.

लावण्याची जुनी रीत अजून सर्वांत चांगली. कापसाच्या फायाला एक थेंब, आणि तो फाया कानाच्या वरच्या खळगीत. वास डोक्याच्या उंचीवर राहतो, कपड्याला डाग पडत नाही, आणि अडचण झाली तर फाया काढून खिशात टाकता येतो. अंगभर मारलेला फवारा तसा काढता येत नाही. हातभर अंतरावरच्या माणसाला येईल न येईल, इतका पुरे. तो पुरेसा आहे की नाही हे स्वतःच्या नाकाला विचारण्यात अर्थ नाही. घरातून निघताना बायकोला किंवा मुलीला विचारावे, आणि त्या "जास्त झालंय" म्हणाल्या तर वाद घालू नये. दवाखान्यात, शोकसभेला, लहान मुलांच्या वर्गात काहीच लावू नये. दमेकरी शेजारी असेल तर मुळीच नाही. सुगंधातल्या काही द्रव्यांनी कातडीलाही त्रास होतो. युरोपात २००३ च्या नियमाने अशा २६ द्रव्यांची नावे बाटलीवर छापणे भाग पाडले आणि पुढे ती यादी वाढवली. आपल्या कुपीवर "सुगंध" एवढा एकच शब्द असतो.

थोडे अवांतर वाटेल, पण नगरच्या किल्ल्याचे सांगून घेतो. ऑगस्ट १९४२ पासून मौलाना आझाद तिथे कैदेत होते. तिथल्या पत्रांचे पुढे 'गुबार-ए-खातिर' हे पुस्तक झाले. त्यात त्यांनी 'व्हाइट जस्मिन' नावाच्या चिनी चहावर किती प्रेमाने लिहिले आहे! पहाटे उठून स्वतः करायचा, आणि दुधाचा थेंब घालायचा नाही. चहात दूध घालणाऱ्यांवर त्यांचा राग होता, कारण मग चहाचा चहा राहत नाही. देशातले बडे पुढारी त्या भिंतींच्या आत कोंडले होते, बाहेर चळवळ पेटली होती, आणि त्यातला एक विद्वान पहाटेच्या पेल्यातला हलका वास जपत होता. आमच्या कडक मंडळींनी हे पुस्तक वाचावे.

घंटेकडे अध्यक्षांचा हात गेलेला दिसतो, तेव्हा शेवटचे एक. सभा संपल्यावर फाया फेकू नका. धुतलेल्या कपड्यांच्या घडीत ठेवा, त्यात आठवडाभर वास राहतो. दोन ग्रॅमची कुपी अशा रीतीने वापरली तर वर्ष काढते.