एंजिनाची नाडी

टांकींत पेट्रोल आहे, बॅटरी भरलेली आहे, आणि तरीहि मोटार भर रस्त्यांत एकाएकीं बंद पडते. अर्धा तास थांबून किल्ली फिरविली कीं कांहीं न घडल्यासारखी पुनः सुरू होते. अशा वेळीं दोष पुष्कळदां बोटाएवढ्या एका उपकरणांत असतो. एंजिनाचा वेग जाणणारा सेन्सर तो हाच.

जुन्या मोटारींत ठिणगीची वेळ डिस्ट्रिब्यूटर सांभाळी. वेग वाढला कीं त्यांतील लहानशीं वजनें बाहेर फेंकलीं जात आणि ठिणगी किंचित् आधीं पडे. पुढें ठिणगी व पेट्रोलचा फवारा हीं दोन्ही कामें एकाच संगणकाकडे सोंपविण्यांत आलीं. बॉश कंपनीची मोट्रॉनिक ही तशी योजना १९७९ सालीं बी. एम. डब्ल्यू.च्या गाडींत आली. परंतु संगणकाला डोळे नाहींत. एंजिन किती वेगानें फिरत आहे, हें त्याला कोणीं तरी सांगावयास हवें.

त्यासाठीं क्रँकशाफ्टवर पोलादी दांतेरी चाक बसवितात. त्याच्यापासून सुमारें एक मिलिमीटरवर, लोहचुंबकाभोवतीं तारेचें वेटोळें घातलेला सेन्सर असतो. दांता समोरून गेला कीं चुंबकीय क्षेत्र बदलतें व तारेंत वीज उत्पन्न होते. फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलेलें तत्त्व तें हेंच. संगणक दोन दांत्यांमधील काळ मोजतो. चाकावर साठ दांत्यांची जागा असली, तर मिनिटाला जितके फेरे, सेकंदाला तितक्या जागा सेन्सरसमोरून सरकतात. ३००० फेऱ्यांना एका दांत्याच्या वांट्यास सेकंदाचा ३०००वा भाग येतो. हिशेब मोठा सोयीचा आहे.

मात्र सर्व दांते सारखे असले तर वेग कळेल, दट्ट्या कोठें आहे हें कळणार नाहीं. म्हणून साठांपैकीं दोन दांते मुद्दाम गाळतात. तेवढा खंड पडला कीं फेऱ्यांतील ठरलेली जागा आली, हें संगणक ओळखतो. फोर-स्ट्रोक एंजिनांत एक चक्र दोन फेऱ्यांचें असल्यामुळें त्यांतील फेरा कोणता, हें कॅमशाफ्टवरील दुसरा सेन्सर सांगतो.

एंजिन नुकतेंच सुरू होत असतां चाक सावकाश फिरतें व वेटोळ्यांतील वीज फार क्षीण असते. त्यामुळें अनेक मोटारींत एडविन हॉल यानें १८७९ सालीं शोधलेल्या परिणामावर चालणारे सेन्सर वापरतात. चाक मंद असलें तरी त्यांची खूण स्पष्ट उमटते.

आतां त्या बंद पडलेल्या मोटारीकडे वळूं. वेटोळ्याची तार केसासारखी बारीक. ती आंत कोठें तरी तुटली असली, तर एंजिनाच्या उष्णतेनें टोंकें दूर सरतात, आणि खूण न मिळाल्यामुळें संगणक ठिणगी व पेट्रोल दोन्ही थांबवितो. निवल्यावर टोंकें पुनः जुळतात.